बेटावरची मोटारसायकल

माझे मामा पाण्याला भितात. हे वाक्य मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही, कारण त्यांच्या मते ते भीत नाहीत, त्यांचं आणि पाण्याचं फक्त पटत नाही. साखरखेर्ड्याजवळ त्यांचं शेत आहे, शेतात विहीर आहे, विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरच्या आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून त्यांनी घर चालवलं. पण त्या विहिरीत त्यांनी आजवर डोकावलेलं नाही. मोटार ओढेनाशी झाली की ते लांब बांधावर उभे राहून मामींना विचारतात, "पाणी हाय का वं?" मामी डोकावतात आणि सांगतात. असा त्यांचा संसार सुखानं चाललेला आहे.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला जे पोरगं आवडलं, त्याच्या घराच्या चारी बाजूंनी पाणी.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बेट आहे असं सांगितलं की बाहेरचे लोक आधी हसतात आणि मग नकाशा उघडतात. पण आहे. धरण झालं तेव्हा खालचं गाव उठलं आणि दुसरीकडे वसलं. टेकाडावरची थोडी घरं मात्र बुडाली नाहीत, म्हणून उठलीही नाहीत. पाणी त्यांच्या अंगणापर्यंत आलं, थांबलं, आणि ते लोकही तिथंच थांबले. आता बाराही महिने नावेनं जायचं आणि नावेनं यायचं. वर थोडी शेती, खाली मच्छी, मधे घरं आणि सगळ्यांत उंचावर एक लहानसं विहार.

अलीकडे हे टेकाड फार प्रसिद्ध झालंय. हिवाळ्यात तिथं कुठून कुठून पक्षी येतात, सकाळी पाण्यावर धुकं असतं, त्यामुळे शहरातली मंडळी मोठाले कॅमेरे घेऊन येतात. त्यातल्या कोणीतरी मागं बासरी लावून एक व्हिडिओ केला आणि त्यावर लिहिलं, 'विदर्भाचं काश्मीर'. आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या ग्रुपवर तो इतक्या वेळा आला की ती बासरी ऐकली की मला आता हजेरी घ्यावीशी वाटते. मी तो व्हिडिओ मामांना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "सौंदर्य राहू दे. रस्ता दाखव."

पोराबद्दल त्यांची तक्रार नव्हती. साखरखेर्ड्याच्या बाजारात मामांचं भाजीचं दुकान जमिनीवर मांडलेलं असतं आणि शेजारी त्या पोराची मच्छीची पाटी. मामांसाठी तो मासा साफ करून, काटे पाहून बाजूला ठेवायचा. मामा त्याला वांगी द्यायचे. माझी मामेबहीण दर बाजारी मामांचा डबा घेऊन यायची आणि डबा द्यायला जेवढा वेळ लागतो त्याहून बराच जास्त वेळ थांबायची, हे मामांच्या कधी ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोरगं हिरा हाय. पत्ता खराब हाय."

मामेबहीण माझ्याकडे दुसरबीडला आली. मी तिथल्या शाळेत शिकवते, त्यामुळे घरात मला शहाणी समजतात. या समजुतीचा मला आजवर त्रासच झालाय. ती म्हणाली, "ताई, बाबा घर पाहाले जाऊन राह्यले. तू संग जाय. पाणी पाह्यलं का त्यायले दुसरं काही दिसणार नाही. तू दाखवजो."

"अन् नाही म्हणले तर?"

"तर नाही. पळून जाणारी मी नोहे. पण मंग माह्यासाठी दुसरं कोणी पाहू नका म्हणा."

हे ती रडत बोलली असती तर मी तिला चार गोष्टी ऐकवल्या असत्या. पण ती शेंगा सोलता सोलता बोलली, आणि सोललेल्या शेंगा माझ्याच ताटात टाकत होती. मला त्या पोरीची फार माया आली. मी हो म्हटलं.

मामांचा बेत मात्र आधीच ठरलेला होता. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, घर बघतात. मामांचं म्हणणं असं की घर न बघता नाही म्हटलं तर पोराच्या बापाचा अपमान होतो. "म्हून पाहून येतो," ते म्हणाले, "अन् मंग नाही म्हणतो."

ठरलेल्या दिवशी मामा-मामी सकाळीच दुसरबीडला उतरले. मामींनी नवीन पातळ नेसलं होतं. मामांनी पांढरा पायजमा आणि पांढरा सदरा घातला होता, खांद्यावर दुपट्टा आणि हातात ट्रॅक्टरच्या चाकाची रिकामी ट्यूब घेतली होती. मी ट्यूबबद्दल काही विचारलं नाही, कारण मला उत्तर माहीत होतं. पंक्चरच्या दुकानात त्यांनी ती भरून घेतली. दुकानदारानं विचारलं, "ट्रॅक्टर कुठी हाय?" मामा म्हणाले, "ट्रॅक्टर नाही. सोयरीक हाय." त्या माणसानं हवा थोडी आणखी भरली.

फुगलेली ट्यूब ऑटोत मावेना. शेवटी ती टपावर बांधली आणि आम्ही निघालो. वाटेतल्या प्रत्येक गावात लोकांनी ऑटो थांबवून चौकशी केली. एकानं तर विचारलं की पुढे पूर आलाय का. हिवाळ्याचे दिवस, आभाळ स्वच्छ, दोन्हीकडे तुरी फुललेल्या. मामा सगळ्यांना सांगत होते, "नाही, नाही, पाहुणपणाले जाऊन राह्यलो."

काठावर नाव तयार होती आणि नाव वल्हवायला पोराची चुलती आली होती. पदर कमरेला खोचलेला, गालात सुपारी आणि तोंड अखंड चालू. पोरगं घरी थांबलं होतं, कारण नवरदेवानं घामेजलेल्या अंगानं पाहुण्यांपुढं येऊ नये असं तिकडच्या बायकांनी ठरवलं होतं. चुलतीनं मामांच्या कमरेभोवतीची ट्यूब पाहिली, पण पाहुण्यांच्या कपड्यांविषयी बोलू नये एवढी रीत तिला ठाऊक होती.

"भेव नका पाव्हणे," ती नाव ढकलत म्हणाली. "लय मायाळू पाणी हाय हे. आजवर फकस्त एक बैल गेला, अन् तोही म्हतारा होता."

"कुठी गेला?" मामांनी विचारलं.

"आता आपण आहोत ना, अठीच."

मामांनी डोळे मिटले ते मिटलेच. एका हातानं नावेची कड आणि दुसऱ्या हातानं माझी वेणी धरून ते मनातल्या मनात वंदना म्हणू लागले. मधे मधे शब्द मोठ्यानं बाहेर पडत. माझं डोकं त्यांच्याकडे ओढलं गेल्यामुळे मला काश्मीर वाकडं दिसत होतं. पण दिसलं. पाणी एवढं शांत होतं की वर उडणाऱ्या पक्ष्यांची ओळ खालीही दिसत होती. मामी पुढं बसल्या होत्या. त्यांनी हळूच हात पाण्यात सोडला आणि तो तसाच राहू दिला. मी मामींना आयुष्यभर पाहतेय, पण हातात काही काम नसलेल्या मामी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

काठाला लागल्यावर मी म्हटलं, "मामा, उघडा डोळे. आलो." त्यांनी डोळे उघडले आणि त्यांना समोर जी पहिली गोष्ट दिसली ती होती मोटारसायकल.

पोराच्या घरासमोर अंगणाच्या मधोमध, सतरंजी अंथरून, तिच्यावर ती उभी केली होती. हँडलला झेंडूचा हार होता. आरशाला हळदीकुंकवासारखं काहीतरी लावलं होतं, बहुधा लहान पोरांचा उद्योग असावा. घरामागं पाणी, पाण्यापलीकडे डोंगर, आणि ज्या देखाव्यासाठी लोक कुठून कुठून येतात तो सगळा त्या मोटारसायकलच्या सीटमागं झाकला गेला होता. घरातली माणसं तिला वळसा घालून ये-जा करत होती.

मी शाळेत शिकवते, कोणी पाटीवर दुसऱ्याचं उतरवलं की मला लगेच कळतं. टायरला मातीचा कण नव्हता. अंगणात चाकाची खूण नव्हती. आणि सायलेन्सरला पाण्यातल्या शेवाळाचा एक हिरवा धागा लटकत होता.

मामांनी मात्र एवढं बारीक पाहिलं नाही. त्यांनी ट्यूब डोक्यावरून काढली, कुंपणावर टांगली आणि मोटारसायकलच्या टाकीवर हात फिरवला. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना.

"गाडी हाय," ते म्हणाले. "म्हणजे रस्ता हाय."

पोराचे वडील हात जोडून उभे होते. कृश, उंच, धुतलेलं धोतर. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, मागं उभ्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाव... हाय ना."

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घर बघायला आलेल्या पाहुण्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. तो म्हणाला पूर्व तिकडे, तर तिकडे. त्याचं तोंड गोड झालं की मग हवं ते भांडा. दुसरी रीत अशी की असा पाहुणा एका घराचा नसतो, सबंध वस्तीचा असतो. त्यानं प्रत्येक घरी चहा घ्यायचा असतो. एखादं घर टाळलं तर त्या घरची बाई लग्नात जेवत नाही आणि पुढं जन्मभर तसं सांगत राहते. या दोन रीती एकेकट्या चांगल्या आहेत. त्या दिवशी त्या एकत्र आल्या.

"मले उगाच नावेत बसवलं," मामा खुशीत म्हणाले. "ते फोटोवाल्यायसाठी असंन. चला, रस्ता दाखवा."

आम्ही निघालो. पहिल्या घरी बाजेवर एक म्हातारा बसला होता. चहा आला. मामांनी विचारलं, "रस्ता कुठून जाते?" म्हाताऱ्यानं पोराच्या वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी आभाळाकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं हनुवटीनं पुढचं घर दाखवलं. "तिकून हाय."

पुढच्या घरी बाई कपबशी पुसत म्हणाली, "हा काय, त्यायच्या घरामांगून." त्याच्या पुढच्या घरी कळलं की रस्ता तिथंच होता पण बाभळी वाढल्यात. त्याच्या पुढं सांगितलं की पोरांना विचारा, आणि पोरांनी सांगितलं की मामा, आधी चहा घ्या. चहा कडक, साखर मुक्त हस्तानं. एका घरी दूध संपलं होतं म्हणून त्यांनी बकरी आमच्यासमोर धरून पिळली.

तुम्ही म्हणाल, मामांना चारी बाजूंनी पाणी दिसत नव्हतं का? दिसत नव्हतं, कारण ते बघत नव्हते. पाण्याकडे बघायचं नाही हा त्यांचा जन्माचा नेम. ते मान खाली घालून, पायांपुढची जमीन न्याहाळत चालत होते. विहाराच्या उंचावर तर भोवतालचं पाणी अख्खं एका नजरेत येतं. तिथं मामांनी डोळे मिटून हात जोडले आणि पुन्हा खाली बघतच उतरले. सबंध वस्ती श्वास धरून आमच्या मागून येत होती. मामी माझ्या कानात म्हणाल्या, "यायले आता सांगावं का?" मी म्हटलं, "थांबा." मला वाटलं होतं की चहानं तरी ते थकतील.

शेवटचा चहा पिऊन आम्ही वळलो आणि समोर पुन्हा ती सतरंजी, तो हार आणि ती मोटारसायकल. मामा थांबले.

"आपण अठूनच निघालतो ना?"

"हाव," पोराचे वडील म्हणाले.

मामांनी विचार केला. "म्हणजे रस्ता गोल हाय."

एका बाईनं तोंडात पदर कोंबला आणि ती घरात पळाली.

मग जेवण. मच्छीचा रस्सा, ज्वारीची भाकर, वर शिरा. पोरगं पाणी वाढत होतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यात ते फार अवघडलं होतं. बाजारात मी त्याला मोकळेपणी हसताना पाहिलंय, इथं ते माझ्याकडेही बघेना. मामांनी शिऱ्याचा घास उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडी हाय, रस्ता हाय, माणसं चांगले आहेत. मले पसंत हाय. अन् एक सांगतो, आता वापस जातानी नाव नको. हे पोरगं मले गाडीवर सोडीन. चार माणसांत सांगून राह्यलो, जाईन त गाडीवरच जाईन."

दाराआडच्या बायकांनी सुस्कारा टाकला. मला आनंद व्हायला हवा होता. ज्या होकारासाठी मी माझी वेणी दिली तो होकार समोर आला होता. पण उद्या कळलं की मग? मामा दिलेला शब्द मोडत नाहीत, पण फसवून घेतलेला शब्द ते पाळतील आणि पोरीशी बोलायचं टाकतील, एवढं मी त्यांना ओळखते. आणि तिला नवरा मिळून बाप जायचा. मी तोंड उघडलंच होतं, पण माझ्याआधी पोरानं तांब्या खाली ठेवला.

"मामा," तो म्हणाला, "रस्ता नाही."

"बे," त्याचे वडील कळवळून म्हणाले, "पाव्हण्याच्या हातात घास हाय."

"म्हून तर. खायच्या अगोदर सांगतो." तो मामांपुढं बसला. "गाडी माह्या मामेभावाची हाय. काल तराफ्यावर टाकून आणली. अठी गाडी चालवाले जागाच नाही. तिच्यात पेट्रोलबी नाही, त्यानं काढून घेतलं, म्हणे कुठी हिंडान."

मामांचा हात तसाच राहिला. शिरा बोटांमधून ताटात पडला.

पोराच्या वडिलांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "मागच्या साली एक पाव्हणे आलते. त्यायनं बाकी काही पाह्यलं नाही. गाडी हाय का, इचारलं. मी नाही म्हणलं. ते चहा न घेता उठले. म्हून या टायमाले म्हणलं, गाडी असू द्यावं." मग अगदी हळू म्हणाले, "आमाले काय मालूम, तुमाले रस्ता पाह्यजे अशीन म्हून."

मामा उठले. त्यांनी हात धुतले, दुपट्ट्याला पुसले आणि सरळ अंगणात जाऊन मोटारसायकलवर बसले. दोन्ही हात हँडलवर, नजर समोर. तो झेंडूचा हार त्यांच्या गुडघ्यांवर लोंबत होता.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिकलेली म्हणून. मी जाऊन म्हटलं, "मामा, उतरा."

"नाही."

"रस्ता नाही तर कुठं जाल?"

"गाडीवर जाईन म्हणलं ना. चार माणसांत म्हणलं." त्यांच्या आवाजात राग होता आणि त्याहून जास्त लाज होती, सबंध टेकाडाभोवती मान खाली घालून फिरल्याची. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं.

मामी शांत होत्या. "बसू द्या त्यायले," त्या म्हणाल्या. "लग्नातबी घोड्यावरून उतरत नव्हते. माह्या बापानं उचलून खाली घेतलं."

मग ते पोरगं पुढं आलं. हसला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. पण तो हसला नाही. म्हणाला, "चालते मामा. बसूनच राहा."

त्यानं शर्ट काढून आईच्या हातात दिला. वस्तीतले गडी जमले. मामांसकट मोटारसायकल त्यांनी उतारावरून ढकलत काठावर आणली. तिथं तराफा होता, प्लॅस्टिकच्या ड्रमांवर फळ्या ठोकलेला. त्यावर सोयाबीनची पोती जातात, सिमेंट येतं, एकदा नवरीचं कपाट आलं होतं. गाडी वर चढवली, दोरांनी बांधली. "यायलेबी बांधा," मामी म्हणाल्या, आणि मामांना कमरेपाशी सीटला बांधलं. मामांनी डोळे मिटले. मग सगळे गडी हिवाळ्याच्या त्या थंडगार पाण्यात उतरले आणि चारी बाजूंनी तराफा धरून पोहू लागले. त्यांच्या मागून चुलतीच्या नावेत मामी आणि मी.

हे दृश्य मी कसं सांगू? निळं पाणी, पलीकडे डोंगर, वर पक्ष्यांची ओळ, आणि मधोमध हार घातलेल्या मोटारसायकलवर ताठ बसलेले माझे मामा संथपणे पुढं चाललेत. काठावर कॅमेरेवाले दोघे पक्ष्यांचे फोटो काढत होते. त्यांनी कॅमेरे खाली केले. मला हसू आवरेना आणि मामींनी माझ्या मांडीला चिमटा काढला, पण त्यांचे स्वतःचे खांदे गदागदा हलत होते.

निम्म्या पाण्यात मामा डोळे मिटूनच बोलले. "पोरा."

"जी." पोरगं त्यांच्या पायाशी पोहत होतं.

"पोरीले माहेरी यावं वाटलं तर?"

"आणून सोडीन ना."

"पानी-पावसात?"

"पानी-पावसातबी."

"अन् तुलेच ताप भरला अशीन तर?"

पोरगं काही बोलायच्या आत तराफ्याच्या पलीकडून धापा टाकत कोणीतरी म्हणालं, "मंग आमी हाओत ना, भाऊ." आणखी एक जण म्हणाला, "हाव," आणि पाणी तोंडात गेल्यानं त्याला ठसका लागला.

मामांनी एक डोळा उघडला. पाण्याकडे बघितलं की कसं होतं हे त्यांना ठाऊक होतं, तरी उघडला. त्यांना पाणी दिसलं नसावं, कारण आजूबाजूला सगळी डोकीच होती. काळी, पांढरी, टक्कल पडलेली, सगळी ओली आणि सगळी फळ्यांना चिकटलेली.

"तुमी एवढे कायले आले?" मामांनी विचारलं.

"गाडीले पाणी लागू नाही म्हून," एक जण प्रामाणिकपणे म्हणाला.

"अन् पाव्हण्याले," आमच्या नावेतून चुलती ओरडली.

मामांनी दुसराही डोळा उघडला. काठ जवळ आला तेव्हा त्यांनी हँडलवर हात चाचपला, बटण शोधलं आणि हॉर्न वाजवला. काठावर चरणाऱ्या बकऱ्या बाजूला झाल्या.

गाडी उतरवली, मामांचे दोर सोडले. ते जमिनीवर उभे राहिले आणि तेवढ्यात मामी म्हणाल्या, "अवो, तुमची ट्यूब?"

मामांनी दोन्ही हातांनी स्वतःची कंबर चाचपली. ट्यूब कुंपणावरच राहिली होती. तिच्याशिवाय आपण एवढं पाणी ओलांडून आलो हे तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते कोरड्या ठणठणीत जमिनीवर मटकन बसले.

"मी आणतो," पोरगं म्हणालं आणि तसंच वळलं.

मामांनी बसल्या बसल्या त्याचा ओला हात धरला. "राहू दे तठी," ते म्हणाले. "पोरगी येईन तवा तिले लागीन."

पोराच्या वडिलांनी, जे तराफ्याच्या मागच्या कोपऱ्याला धरून पोहत आले होते आणि ज्यांच्या धोतरातून पाणी गळत होतं, तोंड दुसरीकडे फिरवलं. मामींनी पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

बेटावर मोबाइलला रेंज नाही, काठावर आहे. माझा फोन लगेच वाजला. मामेबहीण सकाळपासून लावत असणार. मला वाटलं ती विचारेल, हो का नाही. मी हो सांगायला तोंड उघडून तयार होते. पण तिनं ते विचारलंच नाही.

"ताई," ती म्हणाली, "बाबा पाण्यात लय घाबरले का वं?"

मी मामांकडे पाहिलं. ते उठले होते आणि आपल्या दुपट्ट्यानं त्या पोराचं डोकं खसाखसा पुसत होते. सर्दी होईन, अक्कल नाही, शर्ट कुठी हाय तुहा, असं त्याला रागावत होते. पोरगं मान खाली घालून उभं होतं.

"नाही वं," मी म्हटलं. "बाबा गाडीवर आले."